ओसरीचे खांब बदलायचे की ठेवायचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ४७, नाशिकला खासगी नोकरी. दिंडोरी तालुक्याच्या पश्चिमेला, घाटाकडच्या एका गावात आजोबांनी बांधलेलं पाचखणी घर आहे. घडीव दगडाचं जोतं, मातीच्या भिंती, सागाचे खांब, माजघरावर कडीपाट (लाकडी कड्यांवर पाट टाकलेलं छत), वर कौलं. आजी गेल्यापासून घर बंदच होतं. यंदा दिवाळीत उघडलं तर ओसरीच्या सहापैकी चार खांबांचे बुंधे भुसभुशीत झालेले, माजघरातली एक तुळई (छत तोलणारं आडवं जाड लाकूड) भिंतीपाशी पोकळ, आणि मागचा गोठा बसलेला. खांब आठ-आठ इंची, नऊ फुटी आहेत. २००४ साली वडिलांनी ओसरीत फरशी घातली, भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. त्यानंतर मोठी डागडुजी नाही. पत्रलेखकाला घर पूर्वीसारखं उभं करायचंय आणि तेही इथल्याच लाकडात. आयात लाकूड नको, लोखंड तर नकोच. शेताच्या बांधावर वडिलांनी लावलेली सागाची झाडं आहेत, दोन बाभळी आहेत, एक कडुनिंब, आणि दारात आंबा. आंब्याला आई हात लावू देत नाही. ओळखीतला एक जण वखारीच्या निम्म्या दरात सागाचे ओंडके ‘रात्रीतून आणून टाकतो, कागदाची भानगड नको’ म्हणतोय. सुतार म्हणतो, सगळेच खांब बदला. घरात निम्मा वाटा असलेला चुलतभाऊ म्हणतो, पाडा आणि स्लॅब टाका. जुनं लाकूड, अगदी पडलेल्या गोठ्यासकट, उचलायला एक व्यापारी तयार आहे. पत्राच्या शेवटी विचारलंय: ‘इथल्याच लाकडात घर उभं करायचं हा माझा नुसता हट्ट आहे का? आणि नसेल, तर लाकूड नेमकं कुठून घेऊ?’

उत्तर:

नमस्कार.

लाकूड कुठून घ्यायचं ते सांगतेच. पण तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मला त्या प्रश्नाहून मोठ्या वाटतात. एक, २००४ ची फरशी. दुसरी, तो पडलेला गोठा.

आधी फरशी. आपल्याकडच्या जुन्या घरांत ओसरीचा खांब जमिनीत रोवत नाहीत, तो दगडी उथळ्यावर उभा करतात. हा दगड भुईपासून चार-सहा बोटं वर राहील असाच बसवलेला असतो, म्हणजे सारवलेल्या जमिनीतली ओल, पागोळ्यांचे शिंतोडे, अंगणातल्या सड्याचं पाणी लाकडाला लागत नाही. फरशी घालताना खाली मुरूम, त्यावर वाळू-सिमेंटचा थर, त्यावर फरशी अशी तीन-चार इंचांची भर सहज पडते. उथळा त्यात बुडतो आणि खांबाचा बुंधा सिमेंटमध्ये अडकून बसतो. लाकूड आपल्या कडांमधून जेवढं पाणी घेतं त्याच्या कितीतरी पट वेगाने ते टोकातून ओढून घेतं. ओसरी धुतली, पावसाची झड आली, की ते पाणी बुंध्याशी साचतं आणि सिमेंटमुळे तिथून निघत नाही. मग बुरशी धरते आणि ओल्या लाकडाच्या मागावर वाळवी येते.

तुळईचंही मला तसंच दिसतं. तिचं टोक भिंतीत घातलेलं असतं. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर दोन्ही अंगांनी सोडून देते. बाहेरून सिमेंटचा गिलावा चढला की बाहेरची वाट बंद होते. त्यात कुठे कौल सरकून पाणी उतरलं असेल तर ते भिंतीच्या पोटात, नेमकं तुळईच्या टोकाशी मुरत राहतं. शिवाय घरात चूल पेटत होती तोवर तिची ऊब आणि धूर कडीपाटाला कोरडं ठेवत होते, किडा दूर राहत होता. दारं बंद झाली, चूल विझली, तेव्हापासून आतली हवा हललेली नाही.

तुमचे खांब आजोबांच्या काळापासून उभे होते. लाकूडच कच्चं असतं तर ते वडिलांच्या लहानपणीच गेलं असतं. ते कुजलं फरशीनंतर, म्हणून मी हे इतकं लांबवून सांगते आहे. तुम्ही उद्या कुठलाही साग आणा, अगदी जुन्या झाडाचा निखळ गाभा आणा, तो याच फरशीत आणि याच गिलाव्यात उभा केलात तर तुमच्या मुलांना हेच पत्र लिहावं लागेल. वडिलांना मात्र दोष देऊ नका. त्यांच्या पिढीने घर नीटनेटकं राहावं म्हणूनच फरशी घातली, आणि तेव्हा गावोगाव हेच चाललं होतं.

तेव्हा पहिलं काम लाकडाचं नाही, पाण्याचं आहे. चारही खांबांभोवतीची फरशी हातभर रुंद उकलून घ्या आणि उथळे उघडे करा. धड राहिलेल्या दोन खांबांच्या बुडाशीही बघा. ते का वाचले ते तिथे कळेल: एक तर ते झडीपासून आत असतील, किंवा त्यांचा दगड फरशीवर डोकावत असेल. बाहेरचा सिमेंटचा गिलावा एकदम सगळा पाडायला जाऊ नका, त्याच्याबरोबर मातीही सुटून येते. आधी जोत्याच्या वरची दोन-तीन फुटांची पट्टी आणि तुळईच्या टोकाबाहेरचा भाग तेवढा काढा, भिंतीला एक उन्हाळा श्वास घेऊ द्या आणि मग चुन्याचा किंवा मातीचा गिलावा करा. कौलं शाकारून घ्या. पागोळ्या जिथे पडतात तिथे जोत्यापासून बाहेर उताराची दगडी पट्टी घाला. या कामांना साग लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही.

आता सुताराचं म्हणणं. ‘सगळे बदला’ हे सांगायला सोपं असतं, कारण मोजून बघायला वेळ जातो. तुम्ही स्वतः मोजा. एक टोकदार स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घ्या. खांबावर खालून वर, चारही बाजूंनी ठोकत जा. धड लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारा. स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. किती आत जातो ते लिहून ठेवा. ओसरीच्या खांबांत बहुतेक वेळा कूज बुडापासून दीड-दोन फुटांपर्यंत असते आणि वरचे सात फूट कोरे करकरीत निघतात.

याचा हिशोब करून बघा. आठ बाय आठ इंची, नऊ फुटी खांब म्हणजे ४ घनफूट लाकूड. चार खांब पूर्ण बदलले तर १६ घनफूट साग लागेल, तोही एकसंध, सरळ, मोठ्या जाडीचा, म्हणजे बाजारातला सर्वात महाग. फक्त खालचे दोन-दोन फूट बदलले तर चारही खांबांना मिळून साडेतीन घनफुटांच्या आसपास पुरतं. आणि त्यासाठी नऊ फुटी ओंडका नको, दोन-अडीच फुटी तुकडे चालतात.

कुजलेला बुंधा कापून त्या जागी जुन्या लाकडाचा तुकडा तिरक्या किंवा पायरीच्या सांध्याने बसवायचा, आरपार लाकडी खुंट्या किंवा बोल्ट मारायचे, आणि खाली उथळा पुन्हा वर उचलून घ्यायचा. कापण्याआधी त्या खांबावर टेकलेली तुळई दोन्ही बाजूंनी टेकू देऊन उचलून धरावी लागते. हे काम एका वेळी एकाच खांबाचं करायचं, आणि टेकू कुठे, किती, हे जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी आणून ठरवून घ्यायचं. त्याची फी वाचवू नका. प्लायवुड-लॅमिनेटचं फर्निचर करणारा सुतार, कितीही हुशार असला तरी, या कामाला नको. ज्याच्या हातात अजून लाकूड तासायचा वाकस आणि खाचा पाडायची पटाशी बसते, ज्याने बैलगाड्या, चौकटी, घरांचे सांगाडे केलेत असा माणूस शोधा. असे कारागीर बहुधा वयस्कर असतात आणि रोज थोडाच वेळ काम करतात. त्यांच्या हाताखाली एक तरुण द्या.

आणि इथेच तुमचा गोठा येतो. तुम्ही लिहिलंय की तो बसला आहे आणि व्यापारी त्याचं लाकूडही न्यायला तयार आहे. व्यापारी उगाच तयार नाही. गोठ्याचे खांब-वासे त्याच काळातले असतील तर ते कित्येक दशकं वाळलेले आहेत, जेवढे आकसायचे तेवढे आकसून झाले आहेत. जुन्या खांबाला जोडायला असंच लाकूड लागतं. ओला किंवा अर्धवट वाळलेला तुकडा जोडलात तर तो पुढे आकसतो, सांधा उघडतो, आणि सुताराची मेहनत वाया जाते. लाकूड वाळवण्याचा सुतारांचा ढोबळ हिशोब इंचाला एक वर्ष असा आहे. त्या हिशोबाने आठ इंची नवा खांब नीट वाळायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच बघा. म्हणून खांबांच्या बुंध्यांसाठी नवं लाकूड, मग ते तुमच्या बांधावरचं असो की आणखी कुठलं, मी सुचवणारच नाही.

इथलंच लाकूड वापरायचं तर तुमच्या परसात पडलेल्या या लाकडापेक्षा जवळचं लाकूड कुठलं? ते आजोबांनीच आणलेलं आहे. या शनिवारी-रविवारी जा, गोठ्याची सगळी लाकडं जमिनीवरून उचलून विटांवर, मध्ये रीपा ठेवून, छपराखाली रचा. एकेकाची लांबी-जाडी आणि धड भाग वहीत लिहा. चार बुंधे त्यातून निघतील असं मला वाटतं. कमी पडलेच तर नाशिकमध्ये जुने वाडे उतरवतात तिथलं लाकूड वखारीत येतं. ते घ्या, पण बिल घेऊन घ्या, म्हणजे वाटेत वनखात्याच्या माणसाने अडवलं तर ते दाखवता येतं. जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात. सॉ मिलवाला त्यासाठी कुरकुरतो, तेव्हा आधी खिळे काढून न्या. आणि बारीक गोल छिद्रांतून ताजा पिवळसर भुसा गळत असेल तर ते लाकूड घरात आणू नका, त्यात किडा जिवंत आहे.

आता निम्म्या दराचा साग. याला माझं उत्तर नाही असंच आहे, आणि कारण फक्त पकडले जाण्याची भीती एवढंच नाही. साग हे महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतलं झाड आहे. मालकीच्या जमिनीतलं असलं तरी ते परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि लाकूड वाहतूक परवान्याशिवाय हलवता येत नाही. रात्रीतून येणारा ओंडका एक तर राखीव जंगलातला असतो, नाहीतर पेठ-सुरगाण्याकडच्या कुणा आदिवासी शेतकऱ्याच्या बांधावरचा. पहिलं म्हणजे सरळ चोरी. दुसऱ्यासाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे: आदिवासी खातेदाराची झाडं विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रीतसर व्यवहार व्हावा लागतो, कारण पूर्वी व्यापारी उभं झाड कवडीमोलाने घेऊन जात. तुम्हाला निम्म्या दरात मिळणाऱ्या लाकडाचे त्या शेतकऱ्याला किती मिळाले असतील? तुम्हाला इथलं लाकूड हवं आहे ते इथल्या मातीवरच्या मायेपोटी, हे तुमच्या पत्रात ओळीओळीला दिसतं. मग जिथे ते वाढलं त्या डोंगरालाच नागवून ते आणायचं, हे तुमच्या मायेत बसत नाही.

व्यवहाराच्या अंगानेही तो साग वाईट आहे. रातोरात तोडलेलं झाड ओलं असतं आणि घाईत मिळेल ते तोडलेलं असतं, म्हणजे बहुधा कोवळं. कोवळ्या सागात पांढरा भाग, म्हणजे सालीलगतचं फिकट लाकूड, जास्त आणि आतला गडद गाभा कमी. वाळवीला दाद न देण्याची सागाची जी ख्याती आहे ती गाभ्याची. पांढऱ्या भागाला वाळवी इतर कुठल्याही लाकडासारखीच खाते.

तुमच्या बांधावरच्या सागाचा उपयोग आहे, पण तुम्ही समजता त्या कामाला नाही. समजा झाडाचा छातीपाशी घेर तीन फूट आहे. म्हणजे व्यास साडेअकरा इंच. साल आणि पांढरा भाग मिळून बाजूला एक-एक इंच गेला तरी गाभा उरतो साडेनऊ इंचांचा, आणि त्यातून निघणारा मोठ्यात मोठा चौरस साडेसहा-पावणेसात इंची. वर झाड निमुळतं होत जातं, ते वेगळंच. आठ इंची खांब त्यातून निघत नाही. पण वासे, रीपा, माळ्याच्या फळ्या, खिडक्यांची झडपं, दाराच्या चौकटी यांना ते उत्तम आहे. इंचभर जाडीच्या फळ्या वर्षभरात वाळतात.

त्यासाठी यंदा अर्ज करा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते तलाठ्याकडे बघा, नसेल तर करून घ्या. मग वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज. जागेची हद्द, झाडांची मोजणी, मग तोडीची परवानगी, तोडल्यावर मालावर हातोड्याची निशाणी आणि वाहतूक परवाना, असं हे ‘मालकी प्रकरण’ चालतं. हेलपाटे पडतात, हे मी लपवत नाही. पण तुम्हाला सगळी झाडं नकोच आहेत. दाटीत वाढलेली, बारीक राहिलेली चार-पाच काढलीत तर उरलेल्यांना जागा मिळते आणि ती जाड होतात. तोड हिवाळ्यात करा, पानगळ सुरू झाल्यावर. ओंडका लगेच कापून घ्या, फळ्यांच्या टोकांना शेणमाती किंवा मेण फासा म्हणजे टोकं चिरत नाहीत, आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी रचा. उन्हात वाळवलेली फळी वाकते. अमावास्येच्या पंधरवड्यात तोडलं की किडा लागत नाही, असं तुमचा म्हातारा सुतार सांगेल. त्याचा शब्द मोडू नका, पण भिस्त ठेवा ती वाळवण्यावर.

बाभूळ आणि कडुनिंब १९६४ च्या त्या अनुसूचीत नाहीत, तरी वाहतुकीचं वनकार्यालयात एकदा विचारून घ्या. बाभळीचा गाभा कमालीचा टणक असतो, गाड्यांची चाकं आणि नांगर त्याचे होत ते काही उगाच नाही. पण तिच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा फार लवकर लागतो. जुने शेतकरी बाभळीची लाकडं काही महिने पाण्यात बुडवून ठेवत. त्याने किड्याला हवं ते पिष्ट धुऊन जातं. उंबरे, अडसर, खुंट्या, टेकू यांना बाभूळ घ्या. कडुनिंबाच्या फळ्या कपाटाला, देवघराच्या फडताळाला चांगल्या. माळ्याचं हलकं काम असेल तर बांबूही विसरू नका. तो आपल्या घाटाकडे मिळतो, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड धरला जात नाही. फक्त तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून घ्या. हेच पाणी हातमोजे घालून तुमच्या कडीपाटाला आणि खांबांनाही दोन-तीन हात मारता येतं. लाकूड कोरडं आणि उघडं हवं, आणि जिथे पाऊस लागतो तिथे ते धुऊन जातं एवढं लक्षात ठेवा. वरून अळशीचं तेल पुरे. प्लॅस्टिकसारखा थर धरणारे रंग-वॉर्निश नकोत; आत अडकलेली ओल त्यांच्याखाली राहते.

आंब्याबद्दल आईचंच ऐका. आंब्याचं लाकूड मऊ, किडा आणि कूज दोन्ही लवकर घेणारं. खांब-तुळईला ते चांगलं नाही. झाड अनुसूचीतही आहे. आणि पश्चिमेकडची झड तो आंबा अंगावर घेत असेल तर ओसरीचे दोन खांब त्याच्यामुळेच वाचले असतील, हेही जाऊन बघण्यासारखं आहे.

लोखंडाबद्दल मात्र तुमचा नकार थोडा सैल करा असं मी म्हणेन. पोकळ टोकाची तुळई बदलायची तर वरचा सगळा कडीपाट उतरवावा लागतो. त्यात दरवेळी काही कड्या फुटतात, पाट चिरतात, आणि एका तुळईसाठी अर्धं छत नवं करावं लागतं. त्यापेक्षा भिंतीला लागून एक खांब उभा करून तुळईला आतल्या धड भागात टेकवता येईल, किंवा टोकाच्या दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून बोल्टने आवळता येतील. पहिला मार्ग डोळ्यांना बरा, दुसरा जागेला. दोन्हींत जुनी तुळई जागेवर राहते. चार पोलादी पट्ट्यांनी आजोबांचा कडीपाट शाबूत राहणार असेल तर त्या पट्ट्या मी आनंदाने लावीन.

तुम्ही ‘पूर्वीसारखं’ म्हणता तेही एकदा बसून ठरवा. कधीच्या पूर्वीसारखं? आजोबांच्या वेळी घरात संडास-न्हाणी नव्हती, वीज नव्हती. आईला तिथे महिनाभर राहायचं असेल तर दोन्ही लागणार, आणि त्यांचं पाणी मातीच्या भिंतींपासून लांब ठेवायचं तर न्हाणीघर मागे, पडलेल्या गोठ्याच्या जागेवर, वेगळं बांधावं लागेल. तिथे विटा-सिमेंट खुशाल वापरा. मूळ घरात ओलं काम नको. एकदा जमलं तर चांदवडचा होळकरांचा रंगमहाल सुताराला बरोबर घेऊन बघून या. आपल्या भागातलं लाकडी काम डोळ्यांसमोर असलं की सुताराशी बोलणं सोपं होतं.

आता चुलतभाऊ. तुमच्या पत्रात तो अडथळा म्हणून आला आहे. पण निम्मं घर त्याचं आहे आणि त्याच्या म्हणण्यात एक रास्त गोष्ट आहे: बंद घरावर पैसा घालायचा कशाला? स्लॅबच्या घरात निदान भाडेकरू तरी ठेवता येईल, असं त्याच्या मनात असेल. त्याला आजोबांच्या आठवणी सांगून पटवू नका, त्या त्यालाही आहेत. त्याला आकडे दाखवा. सोळा घनफुटांऐवजी साडेतीन, गोठ्याचं लाकूड घरचंच, पाडण्याचा आणि राडारोडा उचलण्याचा खर्च शून्य. दोन अंदाजपत्रकं समोरासमोर ठेवा, त्याच्या स्लॅबचं आणि तुमच्या दुरुस्तीचं. आणि घर वापरात कसं राहील ते तुम्ही आधी सांगा, कारण या प्रश्नाचं उत्तर मलाही तुमच्या पत्रात सापडलं नाही. वर्षातून किती दिवस कोण राहणार? किल्ली गावात कुणाकडे असेल, जो आठवड्यातून एकदा दारं उघडेल? हे ठरलं नाही तर उत्तम सागही त्या बंद घरात पुन्हा ओल धरेल. तुमच्या दोघांचं जमलं तर ते साध्या भाषेत लिहून दोघांनी सह्या करा: कुणी किती घालायचे, आणि जुनं लाकूड दोघांच्या संमतीशिवाय विकायचं नाही.

ज्यांची घरं येवला, नांदगाव, सिन्नरकडे आहेत आणि वर कौलांऐवजी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत आहे, त्यांना दोन ओळी. पश्चिमेला इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तुमच्याकडे त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. तेव्हा तुमच्या तुळया पाण्याइतक्याच वजनानेही दमतात. दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकायची रीत असते, जुनी मात्र कुणी उतरवत नाही. फूटभर जाडीची माती चौरस फुटाला पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते, आणि ओली झाली की आणखी. एखाद्या कोपऱ्यात खणून जाडी मोजा. तुळई वाकलेली असेल तर नवी आणण्याआधी वरची माती निम्मी करा आणि वर्षभर तिच्याकडे लक्ष ठेवा.

आता पुन्हा मूळ पत्राकडे. तुमच्या कामाला फेब्रुवारी ते मे एवढेच महिने आहेत. त्यात फरशी उकलणं, गिलाव्याची पट्टी काढणं, कौलं शाकारणं आणि तुळईला टेकू देणं एवढंच करा. खांबांना हात दिवाळीनंतर. सुतार घाई करेल, चुलतभाऊ विचारेल, तरी थांबा. जून-जुलैत एकदा चांगला पाऊस लागलेला असताना चुलतभावाला घेऊन जा, छत्र्या घेऊन घराला बाहेरून फेरी मारा, मग आतून मारा, आणि पाणी कुठे शिरतं, कुठे साचतं त्या जागा लिहून काढा. ती यादी, खांबांवरच्या खडूच्या रेघांची मापं आणि गोठ्याच्या लाकडांची वही मला पाठवा. कुठल्या खांबाला कुठला तुकडा जातो ते तेव्हा एकेक करून बघू.